उपनगरांतला ॲम्प्लिफायर : व्हॉल्व्हपासून ट्रान्झिस्टरपर्यंत

मुंबईच्या उपनगरांतले ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हवरून ट्रान्झिस्टरवर आले ते साधारणपणे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. अमेरिका-इंग्लंडमध्ये या बदलाचा इतिहास गिटारवादकांच्या अंगाने सांगितला जातो. व्हॉल्व्हचा गोडवा गेला, पाठदुखी थांबली, असा त्याचा सूर असतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात गिटार हा या कथेचा एक लहान कोपरा. इथले खरे गिऱ्हाईक म्हणजे मंडपात भोंगे बांधणारा लाउडस्पीकरवाला, मिरवणुकीतली बेंजो पार्टी आणि नाट्यगृहातला ऑर्केस्ट्रा. त्यांनी व्हॉल्व्ह सोडला तो आवाजाच्या पोतापेक्षा बॅटरीसाठी.

मुंबईत जाहीर सभेला लाउडस्पीकर लावण्याची प्रथा रुळली ती सिंधमधून आलेल्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’मुळे. गांधीजींच्या सभांच्या अनेक छायाचित्रांत माइकजवळ या कंपनीची पाटी दिसते. 1942 च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते. ते पुढे निर्दोष सुटले. शिकागो रेडिओची ही सगळी यंत्रे व्हॉल्व्हची. ट्रान्झिस्टरचा शोधच अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 1947 च्या डिसेंबरात लागला, आणि तो सभेच्या मैदानापर्यंत पोचायला आणखी दोन दशके गेली.

गांधीजींच्या सभांच्या काळी उपनगरे शहराच्या हद्दीबाहेर होती. पालिकेची हद्द 1950 मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत गेली. दहिसर आणि मुलुंड 1957 मध्ये आत आले. वीज वेगवेगळ्या हातांत होती. पश्चिम उपनगरांना 1929 मध्ये स्थापन झालेली बी.एस.ई.एस. वीज पुरवत असे, तर मुलुंड-भांडुप राज्य वीज मंडळाकडे. कारखाने, कामगार वसाहती आणि गृहनिर्माण मंडळाच्या चाळी वाढल्या तसे सार्वजनिक गणपतीही वाढले. अंधेरीच्या आझादनगरचा गणपती 1966 चा. त्याचे विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता संकष्टीला वर्सोव्याला होते आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. एवढा वेळ रस्त्यावर वाजत राहायचे तर यंत्राला वीज कुठून मिळणार, हा प्रश्न अशा प्रत्येक मंडळापुढे होता.

मंडपातला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ही लोखंडी पत्र्याची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली पेटी. तिचे बहुतेक वजन दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये असायचे. पहिला घरच्या 230 व्होल्टांवरून तीनशे-चारशे व्होल्ट तयार करी, कारण व्हॉल्व्हच्या प्लेटला तेवढे लागतात. दुसरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हमधून निघणारा प्रवाह उच्च दाबाचा पण क्षीण; भोंग्याला हवा नेमका उलटा. ही देवघेव तांब्याच्या हजारो वेढ्यांनी आणि लोखंडी पट्ट्यांच्या थराने करावी लागे. आवाज जितका मोठा हवा, तितके लोखंड जास्त. शिवाय व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागे. बटण दाबून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ लगेच म्हणता येत नसे.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र ही पेटी गरीब स्वभावाची. व्हॉल्व्ह सॉकेटात बसवलेले असत. काचेतली तार तांबूस दिसली नाही की कोणता गेला ते कळे आणि तो उपटून दुसरा बसवता येई. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळत, चोरबाजारात जुने ट्रान्सफॉर्मर. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 मध्ये व्हॉल्व्ह आणि 1962 मध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. म्हणजे जुनी आणि नवी वस्तू भारतात जवळजवळ एकाच वेळी बनू लागली. म्हणूनच इथे व्हॉल्व्हचे राज्य एकदम संपले नाही, दोन्ही बरीच वर्षे शेजारी नांदले.

व्हॉल्व्हचा आवाज मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्य म्हणूनही आला. 1954 च्या ‘नागिन’मधली बीन कल्याणजी यांनी क्लाव्हिओलिनवर वाजवली होती. हे फ्रान्समध्ये जन्मलेले विजेचे वाद्य. त्याचे स्वर व्हॉल्व्हमध्ये तयार होत आणि त्याला स्वतंत्र ॲम्प्लिफायरची पेटी लागे. हवाईयन गिटार आणि पुढे स्पॅनिश इलेक्ट्रिक गिटारही स्टुडिओत रुळली. पण व्हॉक्सचा ‘एसी-30’ किंवा फेंडरचा ‘ट्विन रिव्हर्ब’ यांसारखे, तीसेक किलो भरणारे परदेशी ॲम्प आयातबंदीच्या काळात सामान्य वादकाला परवडणे शक्य नव्हते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या गिटारवाल्याचे काम बहुधा मेकॅनिकने जुळवलेल्या पेटीवर किंवा सरळ सभेच्या ॲम्प्लिफायरवर चाले. ती पेटी त्याला लोकलच्या लगेजच्या डब्यातून न्यावी लागे, मग रिक्षा नाहीतर हातगाडी, आणि शेवटी नाट्यगृहाचा मागचा जिना.

ट्रान्झिस्टरची पहिली पिढी जर्मेनियमची. एसी-128 सारखे ट्रान्झिस्टर छोट्या रेडिओंत घरोघरी पोचले, पण मोठ्या आवाजाच्या कामाला ते कच्चे पडले. जर्मेनियम तापले की त्यातून जास्त प्रवाह वाहतो, त्याने ते आणखी तापते आणि शेवटी जळते. भाद्रपदातल्या दमट दुपारी, ताडपत्रीखाली बंद मंडपात, हा दोष लपून राहणे कठीण. अमेरिकेतही पहिला अनुभव काही बरा नव्हता. फेंडरने 1966 मध्ये काढलेली ट्रान्झिस्टरची मालिका बिघाडांमुळे बदनाम झाली आणि 1971 पर्यंत गुंडाळली गेली.

चित्र पालटले ते सिलिकॉनने. आर.सी.ए. कंपनीचा 2एन3055 हा त्यातला बिनीचा शिलेदार : दोन भोकांची धातूची चपटी टोपी, 15 अँपिअर आणि 60 व्होल्ट सोसणारी, 115 वॅट उष्णता बाहेर टाकू शकणारी. पुढे बऱ्याच देशांत अनेक कंपन्यांनी तो बनवला, त्यामुळे तो स्वस्त झाला आणि लॅमिंग्टन रोडवर सहज मिळू लागला. देशी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर, उष्णता घालवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काळ्या पंख्यांवर, अशा टोप्यांची रांग दिसे. टोपी आणि पंखा यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी पांढरा लेप. हा तुकडा फाटला किंवा लेप सुकला की ट्रान्झिस्टर गेलाच. नवशिक्या मेकॅनिकची परीक्षा इथे व्हायची.

लाउडस्पीकरवाल्याला नवी यंत्रे हाताळण्याची नवी शिस्तही लागली. व्हॉल्व्हच्या पेटीला भोंग्याची वायर निघाली की धोका असे. बोजा नाहीसा झाला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब चढून तो आतून फुटे. पण वायरी एकमेकींना चिकटल्या तर ती बराच वेळ सहन करी. ट्रान्झिस्टरचे सगळे उलटे. वायर निघाली तर काही बिघडत नाही, शॉर्ट झाली तर क्षणात टोप्या जातात. पावसात बांबूला गुंडाळलेल्या, जोडावर नुसती चिकटपट्टी मारलेल्या वायरींचे मंडप ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर पेट्या एवढ्या का जळत हे वेगळे सांगायला नको.

तरीही धंद्याने नवी पेटी स्वीकारली, आणि त्यामागे हिशेब होता. ईएल-34 हा आउटपुटचा नेहमीचा व्हॉल्व्ह. त्याची तार तापवायला 6.3 व्होल्टवर दीड अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे साडेनऊ वॅट. असे चार व्हॉल्व्ह असले तर एक अक्षरही न बोलता सुमारे 38 वॅट नुसत्या तारा तापवण्यात जातात; 12 व्होल्टच्या बॅटरीतून तीन अँपिअरहून जास्त. वरून प्लेटसाठी बॅटरीचे सपाट व्होल्टेज व्हायब्रेटरने तोडून चढवावे लागे, त्यातही तूट. ट्रान्झिस्टरला तापवण्याची तार नाही आणि त्याला 12 व्होल्ट चालतात. गाणे थांबले की खर्चही जवळपास थांबतो. ट्रकची बॅटरी हातगाडीवर ठेवली की मिरवणूक चालू लागली. मुंबईची बेंजो पार्टी आज जशी ओळखली जाते, म्हणजे चाकांच्या गाडीवर बॅटरी, ॲम्प्लिफायर, दोन-चार भोंगे आणि मध्ये पिकअप लावलेला बेंजो, ती याच हिशेबावर उभी राहिली. व्हॉल्व्हच्या पेटीवर ती कल्पना कागदावरच राहिली असती.

ट्रान्झिस्टर आला म्हणजे पेटी हलकी झाली, असे मात्र लगेच झाले नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीवर साधी जोडणी केली तर 8 ओहमच्या स्पीकरला जेमतेम सव्वादोन वॅट मिळतात. मिरवणुकीला ते पुरणार नाहीत. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या पेट्यांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा आलाच. शिवाय लांबवर बांधलेल्या भोंग्यांना 100 व्होल्टची लाइन द्यायची तरीही तो हवा. व्हॉल्व्ह गेला, लोखंड राहिले. दिल्लीच्या ‘आहुजा’चे ॲम्प्लिफायर उचलणाऱ्यांना याची चांगली कल्पना आहे. खरा हलकेपणा आधी लहान पेट्यांत उतरला. टीबीए-810 सारखा आयसी, ज्याला दुकानात नुसते ‘आठशेदहा’ म्हणत, त्यात अख्खा सात वॅटचा ॲम्प्लिफायर बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात मावला. त्यापाठोपाठ टीडीए-2030 आणि जपानी एसटीके मॉड्यूल आले. शाळकरी मुलेही किट आणून घरी ॲम्प्लिफायर जोडू लागली.

1980 च्या दशकात कॅसेट आली. रेकॉर्डप्लेअर, तबकड्यांचे खोके आणि व्हॉल्व्हची पेटी यांची जागा एका डेकने आणि एका ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरने घेतली. ऑर्केस्ट्रात कॅसिओ आणि 1985 नंतर रोलंडचा ऑक्टोपॅड आला. मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा पुढे बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात सामान उतरवायला पूर्वीइतकी माणसे लागेनाशी झाली. पण सामानाचा एकूण बोजा कमी झाला का? नाही. उचलता येईल तेवढे वजन तेच ठेवून धंद्याने त्यात जास्त वॅट भरले. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. त्यामुळे 50 वॅटवाल्या शेजारच्या मंडळावर मात करायची तर 100 नव्हे, 500 हवेत. ही चढाओढ हलक्या यंत्रांनी स्वस्त केली आणि त्यातूनच पुढे ट्रकवर रचलेल्या ‘डीजे’च्या भिंती उभ्या राहिल्या.

गिटारवादकांची तक्रार या सगळ्यापासून वेगळी, आणि तीत तथ्य आहे. व्हॉल्व्हवर क्षमतेबाहेर भार टाकला की तो लाटेचे माथे हळूहळू गोल करतो. ट्रान्झिस्टर ते सुरीने कापल्यासारखे सपाट करतो. गिटारच्या सुरात हा फरक लगेच ऐकू येतो. भाषणात किंवा आरतीत तो फारसा जाणवत नाही, म्हणून मंडळांनी त्याची फिकीर केली नाही. ज्यांना स्वच्छ सूर हवा त्यांच्यासाठी रोलंडने 1975 मध्ये ‘जाझ कोरस 120’ काढला. तो पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि वजन तरीही 28 किलो. दोन मोठे स्पीकर आणि लाकडी खोके काही हलके होत नाहीत. 1991 नंतर आयात सोपी झाली आणि असे ॲम्प मुंबईच्या दुकानांत व भाड्याच्या साउंडमध्ये दिसू लागले.

वजन खरोखर उतरले ते आणखी एका बदलाने. स्विच-मोड पॉवर सप्लायने 50 हर्ट्झचा जड ट्रान्सफॉर्मर काढून तळहातावर मावणारा आणला, ‘क्लास डी’ रचनेने वाया जाणारी उष्णता आणि तिच्याबरोबर ॲल्युमिनियमचे पंखे घटवले, आणि निओडायमियमच्या चुंबकांनी स्पीकर हलका केला. फेंडरने 2019 मध्ये ‘ट्विन रिव्हर्ब’ची डिजिटल आवृत्ती काढली तिचे वजन सुमारे 15 किलो, म्हणजे मूळच्या 29 किलोंच्या जवळपास निम्मे. अंधेरी-पवईच्या कॅफेत वाजवणारे अनेक गिटारवादक तर ॲम्प नेतच नाहीत. पाठीवरच्या पिशवीतला प्रोसेसर सरळ हॉलच्या साउंडला जोडतात.

वाढलेल्या आवाजाला आवर घालण्याचे काम न्यायालयांकडे गेले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये उचलून धरली. सणांसाठी वर्षात 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकते. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे सांगितले आणि आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवण्याचा मार्ग सरकारपुढे ठेवला. अशी मर्यादा डिजिटल ॲम्प्लिफायरमध्ये सॉफ्टवेअरने घालता येते.

व्हॉल्व्ह आता काही स्टुडिओंत, हौशी श्रोत्यांच्या घरी आणि मोजक्या गिटारवादकांकडे उरले आहेत. जगात ते मुख्यत्वे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या थोड्या कारखान्यांत बनतात, आणि 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियन व्हॉल्व्हचा पुरवठा अडल्यावर भाव चढले. लाउडस्पीकरवाल्यांच्या धंद्यावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. त्यांच्या गोदामांत व्हॉल्व्हची पेटी उरलेली नव्हती.