पाइप गॅसचे मीटर कसे वाचावे? दोन रीडिंगवरून काढा घरचा हिशोब

वडोदरा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा शहरांत अनेक घरी आता स्वयंपाकाचा गॅस पाइपने येतो. सिलिंडर किती दिवस पुरला, ते कॅलेंडरवरच्या खुणेवरून कळायचे. पाइप गॅसचा हिशोब मात्र मीटरवरूनच काढावा लागतो.

रीडिंग : मीटरवरचे काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, तर लाल आकडे म्हणजे दशांश. समजा, मागचे रीडिंग 412.386 होते आणि 61 दिवसांनी ते 427.636 झाले. फरक 15.25 घनमीटर, म्हणजे रोज पाव घनमीटर गॅस लागला.

ऊर्जा : मीटर गॅसचे आकारमान मोजते, उष्णता नाही. एका घनमीटरमधून साधारण 9,300 किलोकॅलरी उष्णता मिळते. बिलावर उष्मांक छापलेला असेल, तर तोच धरावा. 15.25 गुणिले 9,300 म्हणजे सुमारे 1,41,800 किलोकॅलरी. विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. त्यामुळे हा वापर जवळपास 165 युनिटइतका भरतो.

सिलिंडरशी तुलना : एक किलो एलपीजीत सुमारे 11,900 किलोकॅलरी असतात. त्या हिशोबाने वरचा वापर 12 किलो एलपीजीएवढा झाला. 14.2 किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण 18 घनमीटर पाइप गॅस. सिलिंडरच्या किमतीला 18 ने भागले, की दोन्हींचे दर समोरासमोर ठेवता येतात. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून बेळगावचा दर वडोदऱ्याच्या दराशी ताडून बघताना करासह रक्कमच धरावी.

बिल तपासताना : घर बंद असेल, तर कंपनी सरासरीवर बिल काढू शकते. बिलातले रीडिंग मीटरपेक्षा जास्त दिसले, तर तारखेसह फोटो काढून कळवावे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला रीडिंग वहीत टिपून ठेवले, की वाद उरत नाही.

गळतीची शंका : शेगडी, गिझर सगळे बंद करून लाल आकडे टिपावेत. तासाभराने ते पुढे सरकले असतील, तर गळती असू शकते. अशा वेळी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि बाहेर येऊन बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. गॅसचा वास येत असेल, तर तासभर थांबू नये. लगेच हेच करावे.