कारवानी ते मुधोळ हाउंड : एका दख्खनी श्वानजातीचा उगम, नामकरण आणि प्रदर्शन मानक

प्रस्तावना

इतिहास आणि आख्यायिका यांतील अंतराचा एक दाखला रायगड जिल्ह्यातील अभ्यासकाला घरचाच आहे. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ १९३६ साली उभारलेला वाघ्या कुत्र्याचा पुतळा २०१२ साली हटविण्यात आला आणि काही दिवसांतच पुन्हा बसविण्यात आला. वाघ्याच्या कथेला समकालीन साधनांचा आधार नाही, हा आक्षेप त्या वादाच्या मुळाशी होता. पाळीव प्राण्यांना इतिहासात स्थान देताना पुराव्याची कसोटी सैल होते काय, हा प्रश्न त्या वादापुरता मर्यादित नाही. प्रस्तुत लेखात तो दख्खनच्या 'कारवानी' अथवा 'मुधोळ हाउंड' या श्वानजातीसंबंधी विचारात घेतला आहे. जातीचा उगम, तिचे नामकरण आणि प्रदर्शनासाठी ठरलेले मानक या तीन टप्प्यांत कोणाची नोंद झाली व कोणाची राहून गेली, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

उगम : साम्य आणि पुरावा

कारवानी हा उंच, सडपातळ, लांब तोंडाचा आणि वासापेक्षा नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे. महाराष्ट्रातील पर्जन्यछायेचा पठारी प्रदेश आणि उत्तर कर्नाटक हे त्याचे क्षेत्र होय. 'कारवान' म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांबरोबर हे कुत्रे पश्चिम व मध्य आशियातून दख्खनेत आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सलुकी आणि ताझी या जातींशी असलेले साम्य त्याच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते. बहमनी व आदिलशाही काळात दख्खनचा पश्चिम आशियाशी घोड्यांचा मोठा व्यापार होता, हे लक्षात घेता ही उपपत्ती असंभवनीय नाही.

तथापि शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत राहिली, तर खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय ही ठेवण निरनिराळ्या मूळवंशांतूनही घडू शकते. त्यामुळे केवळ बाह्य साम्यावरून वंशसंबंध निश्चित करणे योग्य ठरत नाही. या जातीला आकार देणारी माती दख्खनची आणि निवड करणारे हात येथील शिकारी व पशुपालक समाजांचे होते, एवढे मात्र निःसंशय म्हणता येते.

मुधोळ संस्थान आणि नामकरण

घटप्रभा नदीकाठचे मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. याच संस्थानातील हलगली येथील बेरडांनी १८५७ च्या अखेरीस शस्त्रे नोंदवून परवाने घेण्याचा इंग्रजी हुकूम धुडकावला. त्यांचे बंड मोडून काढण्यात आले आणि डिसेंबर महिन्यात अनेकांना फाशी देण्यात आली. शिकार हे ज्यांच्या जगण्याचे अंग होते, त्यांच्याच हातांतील शस्त्रांवर हा घाला होता. या घटनेशी प्रस्तुत विषयाचा निकटचा संबंध आहे. संस्थानाधिपती मालोजीराव घोरपडे (१८८४–१९३७) यांनी हे कुत्रे बेरडांकडे पाहिले आणि निवडक जोड्या राखून त्यांची पैदास सुरू केली, असे परंपरा सांगते.

मालोजीरावांनी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळचे हाउंड' हे नाव रूढ झाले, असेही सांगितले जाते. ही भेट विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभीची असल्याचे काही लेखनात म्हटले आहे. परंतु पंचम जॉर्ज यांची कारकीर्द १९१० ते १९३६ अशी आहे. तेव्हा राजाला दिलेली भेट १९१० पूर्वीची असू शकत नाही. कालनिर्णय काहीही असो, परिणाम स्पष्ट आहे. गावोगावी 'कारवानी' म्हणून ओळखला जाणारा कुत्रा राजधानीच्या नावाने जगाला परिचित झाला.

प्रदर्शन मानक

श्वानजातीचे लिखित मानक ही मुळात व्हिक्टोरियन इंग्लंडची देणगी आहे. १८५९ साली न्यूकॅसल येथे भरलेले श्वानप्रदर्शन आणि १८७३ साली लंडन येथे स्थापन झालेला केनेल क्लब हे तिचे महत्त्वाचे टप्पे. भारतात केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला 'कॅरावान हाउंड' म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणतो. प्रचलित मानकानुसार नराची उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि मादीची ६४ ते ६८ सेंटिमीटर अपेक्षित आहे. डोके लांब व अरुंद, जबडा बळकट, डोळे मोठे व लंबगोल, कान डोक्यालगत लोंबते, छाती खोल, शेपूट खालच्या बाजूस बसलेली व नैसर्गिक वळणाची, केस आखूड आणि चाल हलकी, उसळती असावी. रंगाचे बंधन नाही.

हे वर्णन काळजीपूर्वक वाचले असता त्यात धावणाऱ्या कुत्र्याचे शरीर दिसते. धावणे मात्र दिसत नाही. माळावर निवडीची कसोटी शिकार ही होती. रिंगणात ती उंची, ठेवण व चाल ही झाली. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांमुळे शिकार बेकायदेशीर ठरली. वन्यजीवांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे या जातीचे मूळ काम संपले आणि मानक हाच तिचा मुख्य आधार उरला.

नोंदीचे राजकारण

मुधोळ संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. परिणामी जातीचे एकसंध क्षेत्र दोन राज्यांत विभागले गेले. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने काढलेल्या चार श्वानजातींच्या तिकिटांवर 'मुधोळ हाउंड' हे नाव आले. २०१६ साली काही पिल्ले सैन्याच्या मीरत येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. मुधोळजवळील तिम्मापूर येथे शासकीय श्वान संशोधन केंद्र चालते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही या जातीची नोंद कर्नाटकाच्या नावे केली आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र महाराष्ट्राच्या पठारावर 'कारवानी' सांभाळणाऱ्यांचा या नोंदीत उल्लेख उरत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, प्रदर्शन मानक हा जातीच्या प्राचीनतेचा पुरावा नसून ते ज्या काळात लिहिले गेले त्या काळाचा दस्तऐवज आहे. तो संस्थानिकाचे औदार्य आणि क्लबची अभिरुची जपतो. बेरडाचे व माळरानावरील पशुपालकाचे ज्ञान त्यात येत नाही. ते ज्ञान अद्याप वृद्धांच्या स्मरणात असेल, तर मराठी व कानडी या दोन्ही भाषांतून त्याचे मौखिक संकलन तातडीने व्हावयास हवे. इतिहास आणि प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे. अन्यथा कुत्र्याची उंची सेंटिमीटरमध्ये आपणास ठाऊक राहील. त्याला घडविणारी माणसे मात्र इतिहासातून निसटून जातील.