कसब्यात छत्री, मॉरिशसमध्ये स्वेटर: समुद्र ऋतू कसे घडवतो ते मोबाईलवर बघा

गेल्या गणपतीत मी कसबा गणपतीच्या रांगेत छत्री धरून उभा होतो. आमच्या वाड्यातल्या काकूंची मुलगी लग्न होऊन मॉरिशसला गेलीये, तिचा तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. तिकडेही बाप्पा बसलेले (गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, १९व्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत). पण तिच्या अंगात स्वेटर आणि वर कोरडं आभाळ! घरी येऊन फोनवर दोन्ही गावांचं हवामान शेजारी शेजारी लावलं आणि त्यात रात्र गेली.

पुणं विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे अंतर जवळपास सारखं, बाजू उलट, म्हणून ऋतूही उलटे. आपल्या पावसाळ्यात त्यांचा हिवाळा. पण खरी गंमत आकड्यांत आहे. मॉरिशसच्या उन्हाळ्याची सरासरी २४.७ अंश, हिवाळ्याची २०.४. फरक फक्त ४.३! पुण्यात मे महिन्याच्या दुपारी ३७-३८ आणि जानेवारीच्या पहाटे ११-१२ अंश असतात. तुलना तंतोतंत नाही, पण मुद्दा कळतो.

कारण चारी बाजूंचं पाणी. जेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी एका अंशाने तापतं, तेवढ्यात एक किलो कोरडा दगड चार-पाच अंशांनी तापतो. शिवाय लाटा ती उष्णता खालपर्यंत ढवळतात. समुद्र हळू तापतो आणि हळूच निवतो. म्हणून तिथे डिसेंबरमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असूनही सगळ्यात जास्त उकाडा जानेवारी-फेब्रुवारीत होतो.

आता आपल्याकडे या. जून ते सप्टेंबरात मॉरिशसच्या आग्नेयेला समुद्रावर हवेचा जास्त दाब तयार होतो, त्याला ‘मस्करीन हाय’ म्हणतात. तिथून वारे वायव्येकडे निघतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि सोमालियाजवळून अरबी समुद्रावर सुसाट सुटतात. वाटेत वाफ उचलत कोकणात येतात, सह्याद्री चढताना गार होतात आणि कोसळतात. मॉरिशसहून पुणं सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे, पण काकूंच्या लेकीच्या गच्चीवरचा वारा आणि आपला पाऊस एकाच साखळीतले.

डोंगराचा खेळही दोन्हीकडे तोच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्याला साडेसातशेच्या आसपास, कारण आपण डोंगराच्या आडोशाला. मॉरिशसमध्ये वारा पूर्वेकडून येतो, म्हणून मधलं पठार चिंब आणि पश्चिमेची राजधानी पोर्ट लुईस आपल्यासारखीच कोरडी राहते.

हे बघायचंय? विंडी ॲप उघडा, वाऱ्याचा लेयर घ्या आणि उंची ८५० एचपीए ठेवा (साधारण दीड किलोमीटर). नकाशा मॉरिशसपासून मुंबईपर्यंत दिसेल इतका लहान करा. जुलैत सोमालियाजवळचा पट्टा गडद दिसला आणि बाण थेट कोकणाकडे असले, तर घाटात जोर असण्याची शक्यता जास्त. माझ्या मते ढगाच्या छोट्या चिन्हापेक्षा हे बघणं कितीतरी उपयोगाचं. ते चिन्ह आख्ख्या पुण्याला एकच असतं, आणि कसब्यात रिमझिम चालू असताना खडकवासल्याच्या वर धो-धो ओतत असतं. धरणातून मोठा विसर्ग सुटला की भिडे पूल पाण्याखाली जातो. मी एकदा ‘हलक्या सरी’ वाचून नदीपात्रात गाडी लावून गेलो होतो. परत आलो तेव्हा चाकं पाण्यात होती.

अर्थात वाऱ्याचा नकाशा म्हणजे इशारा नव्हे. इशाऱ्यासाठी हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि विजांसाठी पाषाणच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ फोनमध्ये ठेवा.

आणि समुद्र नेहमी लाडच करतो असंही नाही. उन्हाळ्यात मॉरिशसभोवतीचं पाणी २७-२८ अंशांपर्यंत तापतं आणि त्यावर चक्रीवादळं पोसली जातात. १५ जानेवारी २०२४ ला ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने त्याच कोरड्या पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या. काकू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसल्या होत्या. लेकीचा मेसेज आला, ‘आम्ही वर पठारावर आहोत, लाईट नाहीत, बाकी ठीक.’