विलोच्या फांद्या आणि शहरी ओढ्यांचे काठ

ओढ्याचा ढासळता काठ जिवंत फांद्यांनी बांधून धरण्याची रीत सिमेंटहून पुष्कळ जुनी आहे. चीनमधील ह्वांग हो नदीच्या बंधाऱ्यांवर आणि आल्प्सच्या खोऱ्यांतील पहाडी प्रवाहांच्या काठी विलोच्या, म्हणजे महाराष्ट्रातील वाळुंजाच्या जातभाईच्या, फांद्या शतकानुशतके वापरल्या गेल्या. पानगळीनंतर झाड सुप्त असताना छाटलेली विलोची फांदी ओल्या मातीत रोवली की तिला मुळे फुटतात. म्हणून अशा फांद्यांच्या लांब जुड्या काठाला समांतर खोदलेल्या उथळ चरांत पुरून, खुंट्यांनी जखडून त्यांवर माती लोटत असत. पुढे मुळे माती धरून ठेवीत आणि लवचिक फुटवे पुरात वाकून काठालगतच्या पाण्याचा वेग कमी करीत.

या कारागिरीला विसाव्या शतकात शास्त्राची बैठक मिळाली. जर्मन भाषेत आर्थर फोन क्रुडेनर यांनी 1951 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याआधीच अमेरिकी वनविभागाचे चार्ल्स क्रेबेल यांनी कॅलिफोर्नियातील डोंगरी रस्त्यांचे भराव अशाच जुड्यांनी सावरण्याची पद्धत 1936 मध्ये प्रसिद्ध केली होती. शहरांनी मात्र वेगळी वाट धरली. 1938 च्या महापुरानंतर लॉस एंजेलिस नदीचा बहुतेक प्रवाह काँक्रीटच्या पात्रात बंदिस्त करण्यात आला. पुराची भीती खरी होती, हे नाकारता येणार नाही. परंतु गुळगुळीत पात्रातून पाणी अधिक वेगाने वाहते आणि बांधकाम जिथे संपते तिथून खालचा काठ अधिक जोराने खाते.

शहरी ओढ्यांचे काठ ढासळण्याचे मूळ कारण त्याहूनही वर, छपरांवर आणि डांबरी रस्त्यांवर होते. तेथे पाऊस मुरत नाही, त्यामुळे तो थोड्या वेळात आणि मोठ्या लोंढ्याने ओढ्यात उतरतो, ही गोष्ट जलशास्त्रज्ञ लूना लिओपोल्ड यांनी 1968 मध्ये नियोजनकारांसाठी नेमकेपणे मांडली. 1982 मध्ये डोनाल्ड ग्रे आणि अँड्र्यू लायझर यांच्या पुस्तकाने जुनी रीत अभियंत्यांच्या भाषेत पुन्हा आणली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात स्ट्रॉबेरी क्रीक या ओढ्याचा सुमारे 60 मीटरचा, नळात गाडलेला तुकडा उघडा करून, काठांना उतार देऊन त्यांवर स्थानिक झाडे लावण्यात आली.

तरीही फांद्यांवर सर्व भार टाकता येत नाही. मुळे रुजण्यास एक-दोन हंगाम लागतात, त्याआधीचा पूर लावणी उपटून नेऊ शकतो. आणि सतत पाण्याखाली राहणाऱ्या, प्रवाहाने पोखरल्या जाणाऱ्या काठाच्या पायथ्याला बहुधा दगडांचाच आधार द्यावा लागतो.