इनुइटांच्या शिक्षणाचा खर्च कोणाचा?

इनुइट विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या शिक्षणसाहाय्याचा इतिहास वाचताना मी एका खटल्यापाशी थबकलो. क्वीबेकमधल्या इनुइटांना दिलेल्या मदतीचा खर्च कोणी सोसायचा, यावरून प्रांत आणि केंद्र सरकार भांडत होते. १९३९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने इनुइटांना राज्यघटनेपुरतं 'इंडियन' ठरवलं. म्हणजे जबाबदारी केंद्राची! पण १९५१ च्या इंडियन ॲक्टने त्यांना वगळलं. पुढे उच्च शिक्षणासाठी केंद्राची योजना आली. तीही नुनावुतमध्ये राहणाऱ्यांसाठी नव्हती, त्यांनी तिथल्या सरकारकडे जायचं. (दक्षिणेतल्या विद्यापीठांकडे जायला नुनावुतमधून रस्ताच नाही, फीआधी विमानाचं तिकीट.) अखेर २०१९ च्या अर्थसंकल्पात, इनुइटांनीच चालवायच्या योजनेसाठी, दहा वर्षांकरिता १२ कोटी ५५ लाख डॉलर ठेवले गेले.