खुरप्याची कुळकथा

खुरपे आणि बाण यांचे कूळ एक आहे. तण काढायच्या अवजाराचे हे मराठी नाव संस्कृत ‘क्षुरप्र’वरून आले, आणि क्षुरप्र म्हणजे रुंद, वस्तऱ्यासारख्या धारेच्या पात्याचा बाण. पालीत त्याचे ‘खुरप्प’ झाले, हिंदीत खुरपा, मराठीत खुरपे. राल्फ टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ही सगळी भावंडे एका नोंदीखाली येतात. मुंबईतल्या दहिसरच्या हार्डवेअरच्या दुकानात कुंड्यांसाठी मिळणारे खुरपे दशरथाच्या भात्यातले नाव मिरवते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दशरथाचा उल्लेख उगाच नाही. कालिदासाच्या रघुवंशात, नवव्या सर्गात, तो मृगयेला निघतो आणि क्षुरप्रांनी गेंड्यांची शिंगे उडवतो. शिंग हा माज, तो उतरवायचा. आयुष्य हिरावायचे नाही, असा कवीचा खुलासा आहे. त्याच सर्गात हरणीने मधे येऊन आपल्या जोडीदाराला आड घेतल्यावर राजा ओढलेला बाण सोडत नाही. आणि त्याच सर्गाच्या शेवटी, केवळ आवाजावर सोडलेल्या बाणाने तो एका तपस्वी मुलाचा जीव घेतो. लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याशिवाय बाण सोडू नये, हा आजच्या शिकारी-शिक्षणातला मूलभूत नियम आहे. दशरथ एकाच सर्गात संयमही दाखवतो आणि नियमही मोडतो.

पालीतला उल्लेख अधिक कोरडा आहे. मज्झिमनिकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेला माणूस तो उपटू देण्याआधी चौकशा करतो: धनुष्य कोणते, दोरी कशाची, पिसे कोणत्या पक्ष्याची, फाळ कोणता? फाळांच्या यादीत खुरप्प आहे, वासराच्या दाताच्या आकाराचा वच्छदंतही आहे. दृष्टांत निरर्थक चौकशीची थट्टा करण्यासाठी रचला आहे. इतिहासाला मात्र त्यातून त्या काळच्या बाणाची पूर्ण तपशीलवार यादी मिळाली.

आता वादाचा भाग. एक पक्ष म्हणतो, हा शब्द ‘खुर’वरून आला: फाळ घोड्याच्या खुरासारखा अर्धगोल, म्हणून खुरप्प. आपट्यांच्या संस्कृत कोशातही क्षुरप्राचा अर्थ देताना नालेचा आकार येतो. दुसरा पक्ष ‘क्षुर’ धरतो, म्हणजे न्हाव्याचा वस्तरा. प्राकृतात क्षुर आणि खुर दोघांचेही ‘खुर’ होत असल्याने गोंधळ साहजिक होता, आणि एकदा गोंधळ झाल्यावर आकाराची गोष्ट मागाहून रचली गेली असावी. कारण अर्धगोल फाळाला संस्कृतात वेगळे, सरळ नाव होतेच: अर्धचंद्र. धनुर्विद्येवरच्या धनुर्वेदसंहितेच्या यादीत दोन्ही वेगवेगळी येतात. आकार एकच असता तर दोन नावे कशाला? क्षुरप्राचे वैशिष्ट्य आकारात नाही, धारेत शोधायला हवे.

बाण आधी की खुरपे, हा प्रश्न याहून अवघड. ग्रंथांत बाण महाभारतापासून सापडतो. अवजाराचा अर्थ मुख्यतः कोशकारांकडून कळतो. म्हणून बाण जुना, असे म्हणता येईल. पण निंदणीवर महाकाव्य कोण लिहिणार? फाळांची इतर नावे पाहिली तर बहुतेक घरातून आणि गोठ्यातून रणांगणावर गेलेली दिसतात: आरामुख चांभाराच्या आरीवरून, सूचीमुख सुईवरून, गोपुच्छ, काकतुंड, वत्सदंत. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे भल्ल: आधी बाणाचा फाळ, मग भाला. बहुमत घराच्या बाजूने पडते. सर्वांत पटणारा तर्क असा की क्षुरप्र हे मुळात लोहाराच्या भट्टीतले, सपाट आणि पातळ धारेच्या पात्याचे नाव असावे; ते बांबूच्या काठीत बसवले की बाण, लाकडी मुठीत बसवले की खुरपे. कामही एकच: खुपसायचे नाही, कापत जायचे.

धनुष्याने होणाऱ्या शिकारीचे शास्त्र या तर्काला बळ देते. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो रक्तवाहिन्या कापतो. बोथट पाते वाहिन्या बाजूला सारते आणि जनावर जखमी होऊन दूर जाऊन तडफडते. म्हणून आजच्या ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या रुंद फाळाची, पहिली कसोटी वस्तऱ्याची धार हीच आहे, म्हणजे क्षुर.

रुंद पात्याची किंमत उड्डाणात मोजावी लागते. दोरी सुटताच काठी वाकते आणि डुलत सरळ होते. साध्या टोकाच्या बाणाला मागची पिसे सावरून घेतात; रुंद पात्याला मात्र पुढेच वारा धरतो आणि पिसांशी त्याची ओढाताण होते. धनुष्याची जुळणी लागते ती यासाठी. ताणलेल्या कागदातून जवळून बाण सोडतात. एक भोक आणि पिसांच्या स्वच्छ चिरा दिसल्या तर ठीक. कागद लांब फाटला तर दोरीवरची खाचेची जागा, बाणाचा टेकू किंवा काठीचा ताठपणा बदलतात. मग समान वजनाचे साधे टोक आणि ब्रॉडहेड एकाच जागी लागतात का ते पाहतात. आदळल्यावर उघडणारी पाती उड्डाणात सोपी, पण उघडण्यात जोर खर्च करतात. हलक्या धनुष्याला स्थिर पातेच बरे.

धनुर्वेदसंहितेला ही जुळणी वेगळ्या भाषेत ठाऊक होती. पुढे जाड तो बाण स्त्री, दूर जाणारा. मागे जाड तो पुरुष, खोल भेदणारा. सारखा जाड तो नपुंसक, लक्ष्याच्या सरावाचा. आजचे धनुर्धर भेदण्यासाठी वजन पुढे हवे म्हणतात, त्यामुळे हे उलटे वाटते. पण ग्रंथ जाडीबद्दल बोलतो. पुढे निमुळती काठी जखमेत कमी अडते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पुढचे टप्पे ओळखीचे आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लासात मृगयेला राजाच्या करमणुकीत स्थान दिले. दहिसर पूर्वहून मेट्रोने चौथे स्थानक असलेल्या एकसरच्या वीरगळांवर धनुर्धारी आणि लढाऊ नौका कोरल्या आहेत. ती लढाई पुष्कळ अभ्यासक शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली, 1265च्या सुमाराची मानतात; काही ती दोन शतके मागे नेतात. बंदूक आल्यावर युद्धातला फाळ संपला, जंगलातला तीरकामठा उरला. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचाही प्रश्न मिटवला, आणि दहिसरला लागून असलेल्या, सुमारे 103 चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात तर तो निघतच नाही. ब्रॉडहेडची चर्चा आता अमेरिकेसारख्या परवानगी असलेल्या देशांपुरती आहे. भारतातल्या धनुर्विद्येच्या मैदानांवर चालतो तो संहितेतला तिसरा, लक्ष्याचा बाण.