साडीतली मारिया आणि गाव सोडलेला चित्रकार

आजचा एपिसोड लोणखेड्याच्या घरून, माडीवरच्या खोलीतून रेकॉर्ड केलाय. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला असेल तर सांभाळून घ्या, उसाचा सीझन चालू आहे आणि आमचा रस्ता शहाद्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांचा आहे. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित भाग.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी आजीला मोबाईलवर एक चित्र दाखवलं. साडी नेसलेली एक बाई, डोक्यावर पदर, मांडीवर बाळ. रंग असे की पाण्यात भिजून हळूच कागदावर उतरलेत. मी काही सांगायच्या आतच आजी म्हणाली, "हाई कोन शे? आपला गावनीच बाई दिखस."

ती बाई म्हणजे मदर मेरी. कोकणी-मराठीत मारिया. आणि आजीने दोन सेकंदांत जे ओळखलं, म्हणजे ही आपल्यातलीच बाई आहे, नेमक्या त्याच कारणावरून 1931 च्या सुमारास गोव्यात एका तरुण चित्रकारावर टीकेची झोड उठली होती. इतकी, की त्याने गोवा सोडला आणि पुण्याला येऊन राहिला. त्याचं नाव आंजेलो दा फोन्सेका. तेव्हा त्याचं वय होतं 28-29. म्हणजे साधारण माझंच. म्हणूनही असेल, पण ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आता त्याच्याकडे जाण्याआधी आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघू. त्यावर लक्ष्मी आहे. तुमच्याकडेही असेल. कमळात उभी, साडी, दागिने, बाजूला हत्ती. लहानपणी मला वाटायचं देवी अशीच दिसते, कोणीतरी बघून काढली असणार. खरं तर हा चेहरा आपल्या घरात यायला सव्वाशेच वर्षं झालीत. राजा रविवर्मा युरोपियन पद्धतीच्या तैलरंगात देव-देवता काढायचे. 1894 साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावर चित्र उतरवून छपाई व्हायची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी हुबेहूब पेंटिंगसारखं दिसणारं स्वस्त चित्र. ज्याला पेंटिंग परवडणार नाही त्याच्याही भिंतीवर देव आला.

छापखान्याची ताकद हीच आहे. एकदा एक चेहरा हजारो घरांत गेला की तोच 'डिफॉल्ट' होतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बदलता येतो हे आपण विसरूनच जातो.

ख्रिस्ती घरांमध्येही हेच झालं. युरोपात छापलेली रंगीत चित्रं जगभर गेली. गोरा येशू, सोनेरी-तपकिरी केस, निळ्या झग्यातली गोरी मारिया. गोव्यातल्या, वसईतल्या, मुंबईतल्या घरांमध्ये मेणबत्तीच्या मागे हीच चित्रं. पिढ्यानपिढ्या माणसं त्यांच्यासमोर रडली, नवस बोलली. त्यामुळे हा नुसता 'फोटो बदला' असा विषय नव्हता, हे आधी लक्षात घेऊ. ज्या चेहऱ्यासमोर तुमची आजी गुडघे टेकून बसायची, तो चेहरा कोणी बदलला तर दुखणारच.

पण गोव्यात याच्या तळाशी अजून एक जुना थर आहे.

1567 साली गोव्यात चर्चची पहिली प्रांतीय परिषद झाली. तिने ठरवलं की ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं हिंदू कारागिरांनी करायची नाहीत. आता कारागिरांचे हात कुठे थांबतात! सतराव्या शतकात गोव्यात घडवलेले हस्तिदंती बालयेशू बघा. मेंढपाळाच्या रूपात डोंगरावर बसलेला, डोळे मिटलेले, हात गालाला टेकलेला. बघणाऱ्याला हमखास बुद्ध आठवतो. म्हणजे नियम एकीकडे आणि बोटांची सवय दुसरीकडे.

भाषेचंही तसंच. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण छापून आलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, मराठीत, आपल्या पुराणांच्या थाटात. आणि 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पुढे 1736 मध्ये इन्क्विझिशनचा फतवा आला, त्यात तर कपडेसुद्धा होते. ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. कारण काय, तर हिंदू दिसता.

इन्क्विझिशन 1812 मध्ये संपलं. पण दोन-अडीचशे वर्षं कपड्यांवरून धर्म ओळखायला शिकवलं असेल, तर कायदा गेल्यावर नजर लगेच जात नाही. मारियाच्या अंगावर साडी दिसल्यावर लोक का दचकले, याचं मला पटणारं उत्तर हे आहे. त्यांना साडीत शेजारची बाई दिसली नाही. त्यांना ती शेजारची हिंदू बाई दिसली.

आता आपला चित्रकार. आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म 1902 चा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावर. लोक त्याला जुवे म्हणतात. घर कॅथलिक, खाऊनपिऊन सुखी. मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. तिथे मन रमलं नाही. मेडिकल सोडून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. (इंजिनिअरिंग करून पॉडकास्ट करणारा मी इथे गप्प बसतो.) जे.जे.त पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण होतं, तेही पटेना. मग थेट बंगाल, शांतिनिकेतन. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सावलीत.

तिथे 'वॉश' नावाची पद्धत होती. जलरंगाचा एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग कागद पाण्याने धुवायचा, पुन्हा थर. असं करत करत रंग कागदात मुरतात आणि चित्रावर धुक्यासारखी मऊ झाक येते. अवनींद्रनाथांनी ही रीत जपानी चित्रकारांच्या सहवासात घडवली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योकोयामा ताइकान कलकत्त्याला येऊन राहिले होते. गंमत बघा, ज्याला आपण 'अस्सल भारतीय' शैली म्हणतो तिच्यात जपानचं पाणी आहे. आणि रविवर्म्यांच्या 'आपल्या' लक्ष्मीत युरोपचं तेल. शुद्ध असं काही नसतंच, सगळं कुठून तरी आलेलं असतं.

1931 मध्ये फोन्सेका गोव्यात परतले आणि जे डोळ्यासमोर होतं ते काढायला लागले. मारिया साडीत, गव्हाळ रंगाची, कोकणी बाईसारखी. येशू संन्याशासारखा, गुरूसारखा. प्रभू भोजनाच्या प्रसंगात खुर्च्या-टेबल नाही, सगळे जमिनीवर बसलेले. आणि प्रतिक्रिया आली. चर्चमधल्या अनेकांना, आणि साध्या भाविकांनाही, हे पाखंड वाटलं. हा आपल्या देवाला हिंदू करतोय, असं झालं.

विचार करा. हा माणूस श्रद्धा सोडलेला नव्हता, उलट पक्का कॅथलिक होता. त्याला देवळाची टिंगल करायची नव्हती, देवळासाठीच चित्रं काढायची होती. आणि घरचेच लोक म्हणतात, हे आमचं नाही.

मग पुणे. आणि इथे गोष्टीला एक छान वळण आहे. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. त्याची मुळं 1922 मधली, अहमदनगरची. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूने तिथे ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. विन्स्लोंवर मोठा प्रभाव होता आपल्या रेव्हरंड टिळकांचा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ज्यांना शाळेच्या पुस्तकातून आपण फुलांच्या आणि मुलांच्या कवितांमुळे ओळखतो. ख्रिस्ती व्हायचं तर परदेशी व्हायची गरज नाही, हे टिळक आयुष्यभर सांगत आले आणि 1919 मध्ये गेले. विन्स्लोंनी तोच धागा धरला. खादी, जमिनीवर बसून जेवण, भजनं. 1927 मध्ये आश्रम पुण्यात उभा राहिला. पुढे आदिवासींवर लिहून गाजलेले व्हेरियर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच संघात.

आता वळण असं, की हा आश्रम अँग्लिकन पंथाचा. फोन्सेका रोमन कॅथलिक. त्या काळात या दोन पंथांमध्ये चांगलंच अंतर होतं. म्हणजे स्वतःच्या चर्चमध्ये ज्याच्या चित्रांना जागा मिळेना, त्याला दुसऱ्या पंथाच्या लोकांनी खोली दिली, कागद-रंगांना जागा दिली आणि म्हणाले, काढ. फोन्सेकांनी पुण्यातच आयुष्य काढलं. शेकडो चित्रं केली. 1951 मध्ये आयव्ही यांच्याशी लग्न झालं, आणि नंतरच्या कित्येक चित्रांतल्या मारियाच्या चेहऱ्यात आयव्ही दिसतात.

ते या वाटेवर अगदी एकटे होते असंही नाही. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट इतिहासकार होते. ख्रिस्ती चित्रकला भारतीय व्हावी म्हणून ते चित्रकारांच्या मागे लागायचे. त्यांच्या प्रोत्साहनाने अँजेला त्रिंदाद यांनीही भारतीय रूपातली ख्रिस्ती चित्रं केली. त्या जे.जे.मधले नामवंत चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद यांच्या कन्या.

तरीही माझ्या आजीच्या वयाच्या किती ख्रिस्ती आज्यांच्या घरी फोन्सेकांची मारिया होती? फारच थोड्या. कारण पुन्हा तेच, छपाई. काही चित्रं मिशनच्या मासिकांत-पुस्तकांत आली, जाणकारांनी वाहवा केली. पण बाजारात, जत्रेत, चर्चबाहेरच्या स्टॉलवर मिळणारं चित्र युरोपियन चेहऱ्याचंच राहिलं. रविवर्म्यांच्या पाठीशी दगडांचा छापखाना होता, फोन्सेकांच्या पाठीशी एक खोली. चित्र किती चांगलं आहे यावर सगळं ठरत नाही. ते किती भिंतींवर पोचलं, यावरही ठरतं.

आणि मग 1963. रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. डिसेंबरमध्ये उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर झाला. त्यात स्पष्ट म्हटलंय की चर्चने कुठलीही एक कलाशैली स्वतःची म्हणून धरलेली नाही, सगळ्या काळांच्या आणि सगळ्या लोकांच्या कलेला इथे जागा आहे. लोकभाषांमध्ये उपासनेची वाटही मोकळी झाली. 32 वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी गोवा सोडावा लागला, ती आता रोमच सांगत होतं. फोन्सेकांना हे बघायला मिळालं, पण फार काळ नाही. 28 डिसेंबर 1967 रोजी ते पुण्यातच गेले.

हे सगळं मला का लागलं ते सांगतो. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा घरून फोन आला की मी जागेवरून उठून जिन्यात जायचो. आईशी अहिराणी बोलताना कोणी ऐकू नये म्हणून. एकदा एक जण हसला होता, बस, तेवढंच. कोणी फतवा काढला नव्हता. पण ऑफिसात चालते ती भाषा वेगळी आणि 'काय करी ऱ्हायना' ही भाषा जिन्यातली, हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. 1736 च्या फतव्याची गोष्ट वाचताना मला तो जिना आठवला. जे रोज घरात आहे तेच मोठ्या जागी न्यायला आपल्याला लाज का वाटते? फोन्सेकांनी ती लाज बाजूला ठेवली आणि घरातली साडी थेट वेदीपर्यंत नेली. त्याची किंमत म्हणून गाव गेलं.

परवा हे सगळं आजीला जमेल तसं सांगितलं. व्हॅटिकन वगैरे तिने सोडून दिलं. तिला एकच गोष्ट विचारायची होती. "मंग तो घर गया का नई?"

म्हटलं, आजी, तो नाही गेला. पण त्याच्या बायकोने चित्रं इतकी वर्षं जपून ठेवली होती, ती पुढे गोव्याला दिली. पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे, तिथे ती आहेत.

आजीने पुन्हा मोबाईल मागितला. चित्र जवळ घेऊन, चष्मा वर करून बघितलं. मग म्हणाली, पदर नीट घेतलाय हिने.

गोव्याला जाल तर एखादी दुपार बीचवरून काढून पर्वरीला द्या. जायच्या आधी वेळ विचारून घ्या. आणि तुमच्या घरातल्या भिंतीवर कुठल्या देवाचं कुठलं चित्र आहे, ते कुठे छापलंय, कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.